हिंवाळ्यांतील ट्रायथलॉनची तयारी व संसारी माणसाचा दिवस

व्यायाम हा आपल्या सुशिक्षित कुटुंबांत फार काळपर्यंत विद्यार्थिदशेचा विषय मानला गेला. मुलगा शाळेंत असेतों सूर्यनमस्कार, जोर-बैठका आणि पोहणें यांची त्यास सक्ति. पुढें परीक्षा, नोकरी व लग्न हीं तीन स्थानकें ओलांडलीं कीं, आखाड्याची वाट त्यानें विसरावी असाच जणूं संकेत. मुलींच्या बाबतींत तर हा विषय त्याहूनहि आधीं संपे. आतां त्याच घरांतून चाळिशीच्या आसपासचा गृहस्थ पहांटे पांच वाजतां धांवावयास जाऊं लागला आहे, दोन मुलांची आई रविवारीं पन्नास-साठ किलोमीटर सायकल चालवून येऊं लागली आहे, आणि 'यंदा ट्रायथलॉनला नांव दिलें आहे' हें वाक्य जेवणाच्या टेबलावर सहज ऐकूं येतें. तें ऐकून वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत कौतुक, काळजी व किंचित् राग हीं तिन्ही एकदम उभीं राहतात. तिन्हींस थोडाबहुत आधार आहे असें आमचें मत असून, त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

या खेळाची घटना साधी. प्रथम पोहावयाचें, पाण्यांतून निघतांच सायकलीवर बसावयाचें, आणि सायकल ठेवतांच धांवूं लागावयाचें. मध्यें विश्रांति नाहीं. कपडे व जोडे बदलण्यास लागलेला वेळहि हिशेबांत धरला जातो. ऑलिंपिक सामन्यांत इ. स. २००० सालीं सिडनी येथें या खेळास प्रथम स्थान मिळालें, व तेथील अंतरें अनुक्रमें १.५, ४० आणि १० किलोमीटर अशीं आहेत. नवशिक्यांसाठीं याच्या निम्मी शर्यत असते: ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटर. 'आयर्नमॅन' नांवाची जी दीर्घ शर्यत, तींत ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून, वर ४२.२ किलोमीटरांची पुरी मॅरेथॉन धांवावी लागते. तिच्या निम्म्या अंतराची शर्यत २०१९ सालच्या ऑक्टोबरांत पणजी येथें मिरामारच्या किनाऱ्यावर प्रथम भरली, आणि पुणें, मुंबई, कोल्हापूर, नाशिक येथील डॉक्टर, वकील, इंजिनियर मंडळींस या खेळाचा रस्ता जवळचा झाला. त्यापूर्वीं २०१५ सालीं मिलिंद सोमण यांनीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतां झुरिच येथील पुरी आयर्नमॅन शर्यत १५ तास १९ मिनिटांत पार केली होती.

हा खेळ म्हणजे रिकाम्या श्रीमंतांचा शोक, असा एक समज आहे. त्याचा जन्म कसा झाला हें पाहिल्यास तो समज टिकत नाहीं. अमेरिकेंत सॅन डिएगो शहरीं मिशन बे येथें जॅक जॉनस्टन व डॉन शानाहन या दोघांनीं २५ सप्टेंबर १९७४ रोजीं पहिली ट्रायथलॉन भरविली. तो दिवस होता बुधवार, आणि आरंभाची वेळ होती सायंकाळचे पावणेसहा! म्हणजे लोकांनीं आपापलीं कामें उरकून यावें, आणि पुन्हां दुसऱ्या दिवशीं सकाळीं कामावर जावें, अशीच ही योजना होती. त्या शर्यतींत भाग घेतलेले जॉन कॉलिन्स नांवाचे एक नौदलाचे अधिकारी पुढें हवाई बेटांवर बदलून गेले, आणि त्यांच्या कल्पनेनें तेथील ओआहू बेटावर १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. पंधरा जण निघाले, बारा पोंचले. पहिले आलेले गॉर्डन हॉलर यांस ११ तास ४६ मिनिटें व ५८ सेकंद लागले. दुसऱ्या क्रमांकाच्या जॉन डनबार यांच्या सोबत्यांजवळील पाणी वाटेंत संपलें, तेव्हां त्यांनीं त्यांस बिअर पाजली असें सांगतात; या उपायाची शिफारस आम्ही वाचकांस करीत नाहीं. एवढें खरें कीं, बुधवारच्या संध्याकाळीं जन्मास आलेला हा खेळ नोकरदाराचाच आहे, आणि नोकरींत तो कसा बसवावा हा प्रश्नहि त्याच्याबरोबरच जन्मास आला आहे.

आतां हिंवाळ्याकडे वळूं. युरोपांतील थंड देशांत हिंवाळा हा या खेळाडूंचा शत्रु. लंडनसारख्या शहरीं डिसेंबरांत सूर्य सकाळीं आठच्या सुमारास उगवतो व दुपारीं चार वाजण्यापूर्वींच मावळतो; कचेरींतला मनुष्य अंधारांत घराबाहेर पडतो आणि अंधारांतच परततो. रस्त्यांवर बर्फ सांचून सायकल घसरते. म्हणून ते लोक सायकलीचें मागचें चाक एका यंत्रावर चढवून घरांतल्या घरांत तासन्‌तास पाय मारतात, आणि पोहण्यासाठीं झांकलेल्या, गरम पाण्याच्या तलावांत जातात. शर्यती उन्हाळ्यांत असल्यामुळें हिंवाळा हा त्यांचा पाया घालण्याचा काळ ठरतो: वेगाची घाई नाहीं, अंतराचा हव्यास नाहीं, शरीर मुरवावयाचें. बर्फाच्या मुलखांत धांवणें, सायकल व बर्फावरील घसरपट्टी मिळून 'हिंवाळी ट्रायथलॉन' म्हणून एक निराळाच खेळ आहे. त्याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं.

आमच्याकडे स्थिति उलट. पुण्यासारख्या गांवीं हिंवाळा म्हणजे या खेळाला देवानें दिलेलें दान. पाऊस गेलेला, रस्ते कोरडे, ऊन सौम्य. एप्रिलांत ज्या अंतराला अंगाचें पाणी होतें तेंच जानेवारींत हंसतमुखानें कापतां येतें. परंतु दानाबरोबर तीन अडचणी येतात. पहिली अशी कीं, जानेवारींत पुण्यास सूर्योदय सातनंतर होतो, आणि शाळेची बस त्याच सुमारास दारांत उभी असते. म्हणजे नोकरदाराच्या वाट्यास येते ती काळोखी पहांट. दुसरी अडचण तलावाच्या पाण्याची. आपल्याकडील बहुतेक तलाव उघडे व पाणी न तापविणारे. पहांटे सहाला त्यांत उडी टाकणें म्हणजे अंगावर सुया टोंचून घेणें. जुन्या काळीं मुलें विहिरींत, पाठीला पांगाऱ्याचें लांकूड किंवा वाळलेला भोपळा बांधून पोहावयास शिकत. विहिरीचें पाणी हिंवाळ्याच्या पहांटे बाहेरच्या हवेपेक्षां ऊबदार लागे, आणि त्यावर वाफ दिसे. उघड्या तलावास ती सोय नाहीं. तिसरी अडचण हवेची, आणि तिच्याकडे लोकांचें लक्ष सर्वांत कमी. थंडीच्या पहांटे जमिनीलगतची हवा गार व जड असून वरचा थर त्या मानानें उष्ण असतो. त्यामुळें रात्रभर सांचलेला धूर व धूळ वर न जातां आपल्याच नाकाच्या उंचीवर तरंगत राहतात. 'पहांटेची शुद्ध हवा' हा शब्दप्रयोग आपण निबंधांत पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलों. मोठ्या शहरांच्या हमरस्त्यांवर तो आतां सोडून द्यावा लागेल. धांवावयाचें तर टेंकडीवर, मोठ्या मैदानावर किंवा विद्यापीठासारख्या झाडीच्या आवारांत. वाहनांच्या रस्त्याकडेला नव्हे.

आमच्या जुन्या वैद्यकानें या ऋतूविषयीं जें लिहून ठेवलें आहे तें या प्रसंगीं आठवल्यावांचून राहत नाहीं. हेमंत व शिशिर या ऋतूंत जठराग्नि प्रबल होतो, म्हणून स्निग्ध अन्न घेणाऱ्या बलवान् माणसानें या काळांत व्यायाम करावा, आणि तोहि अर्ध्या शक्तीनें, असा वाग्भटाचा उपदेश आहे. अर्धी शक्ति कशी ओळखावी? श्वास तोंडानें घ्यावा लागूं लागला कीं अर्धी शक्ति संपली असें समजावें, ही सुश्रुताची खूण. गंमत अशी कीं, नॉर्वेमध्यें काम करणारे स्टीफन सायलर यांनीं उत्तम प्रतीच्या दमाच्या खेळाडूंचा अभ्यास केला, तेव्हां त्यांस असें दिसून आलें कीं हे लोक आपल्या सरावांपैकीं सुमारें ८० टक्के अगदीं सौम्य गतीनें करतात, आणि उरलेलेच काय ते कष्टानें. सौम्य गतीची त्यांची खूण ही कीं, चालू श्रमांत सोबत्याशीं पुरीं वाक्यें बोलतां यावीं. आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तराला याहून सोयीचें माप आहे. धांवतां धांवतां अनुष्टुभाचीं बत्तीस अक्षरें दोन श्वासांत न अडखळतां म्हणतां आलीं, तर गति योग्य. शार्दूलविक्रीडिताचा एकोणीस अक्षरांचा एक चरण मध्येंच तुटूं लागला, तर पाय आवरावे. आमच्या चिरंजीवांस हें माप त्यांच्या मनगटावरील घड्याळापेक्षां खरें वाटूं लागलें आहे. निदान आमच्यासमोर तरी ते तसें म्हणतात.

नोकरदार मनुष्य नेमका येथेंच चुकतो. त्याच्यापाशीं वेळ थोडा, म्हणून त्या थोड्या वेळांत तो प्राण पणास लावून धांवतो; प्रत्येक सराव ही त्याची शर्यत होते. तीन आठवडे उत्साह, चौथ्या आठवड्यांत गुडघा, पांचव्यांत खोकला, आणि संक्रांतीनंतर सायकल गच्चीवर. अतिव्यायामानें तहान, क्षय, दमा, खोकला, ज्वर होतात असें सांगणाऱ्या त्याच वाग्भटानें अतिव्यायामाच्या जोडीस जागरणहि बसविलें आहे, आणि हीं अतिशयानें करणारा हत्तीला ओढूं पाहणाऱ्या सिंहासारखा नष्ट होतो असें म्हटलें आहे. जागरणाचा हा उल्लेख आम्हांस फार मार्मिक वाटतो. पहांटे पावणेपांचला उठण्याचा निश्चय करणें सोपें. रात्रीं साडेनऊला निजण्याचा निश्चय कोण करतो?

थोडें गणित करूं. आठवड्याचे तास १६८. त्यांतून झोंपेचे ५२ काढा. सात तासांहून थोडी अधिक झोंप चाळिशीच्या श्रम करणाऱ्या शरीरास हवीच. नोकरीचे ४८, येण्याजाण्याचे १२. राहिले ५६. स्नान, जेवण, बाजार, मुलांचा अभ्यास, आजाऱ्यांची विचारपूस, आलागेला, यांस दिवसाचे सहा तास म्हणजे ४२. शिल्लक १४. त्यांतले सहा ते आठ तास व्यायामाला दिले तर छोटी शर्यत सहज आणि ऑलिंपिक अंतराची शर्यत समाधानानें पुरी करतां येते. निम्म्या आयर्नमॅनला हे तास हळूहळू दहांपर्यंत न्यावे लागतात. याहून अधिक मागणाऱ्या योजना ज्यांस घर नाहीं त्यांच्यासाठीं असाव्या.

हे सहा-आठ तास हिंवाळ्यांत कसे घालावे? पोहण्याविषयीं आमचें स्पष्ट मत असें कीं, थंडींत अंतराच्या मागें न लागतां हात सुधारावा. पोहणें हें तीन अंगांपैकीं सर्वांत अधिक कौशल्याचें. वाईट हातानें मारलेल्या शंभर फेऱ्यांपेक्षां श्वास कोणत्या बाजूनें घ्यावा, कोपर वर कसें राहावें, देह पाण्यांत आडवा कसा तरंगावा हें ध्यानांत ठेवून मारलेल्या वीस फेऱ्यांचा उपयोग अधिक होतो. आठवड्यांतून दोनदां पाऊण तास पुरे. शक्य तेथें ही वेळ संध्याकाळची ठेवावी, कारण दिवसभर ऊन खाल्लेलें पाणी तेव्हां सोसतें. धांवण्यांत आठवड्याचें अंतर दहांत एका भागाहून अधिक वाढवूं नये हा जुना ठोकताळा अजूनहि उपयोगी आहे. फुप्फुसें लवकर तयार होतात, पण पोटरीचे स्नायु, घोट्यामागची शीर व नडगीचें हाड यांस अनेक महिने लागतात. सायकलीसाठीं रविवारची सकाळ, उजाडल्यावर. पुण्याची मंडळी खडकवासल्याच्या किंवा कात्रजच्या बाजूस जातात. आठवड्यामधल्या दिवशीं कचेरीस सायकलनेंच जातां आल्यास व्यायाम व प्रवास एकाच तासांत होतात. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ज्याची ख्याति होती, त्या पुण्यांत हें सुचवावें लागतें हीच खेदाची गोष्ट आहे. अंधारांत निघावेंच लागल्यास पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा, चकाकणारा अंगरखा आणि डोक्यावर शिरस्त्राण यांत हयगय नको. आणि भटक्या कुत्र्यांपुढें सायकल पळविण्यापेक्षां उतरून ती आपल्या व त्यांच्या मध्यें धरणें अधिक शहाणपणाचें. सायकल लाख रुपयांची असावी लागत नाहीं. साधी, मापाला बसणारी, गिअरची सायकल पहिलीं दोन वर्षें भरपूर झाली. जोडे मात्र चांगले घ्यावे.

स्नायूंच्या बळासाठीं आपल्याकडे बैठका आहेत, जोर आहेत, सूर्यनमस्कार आहेत. त्यांचें इंग्रजी नांव शिकण्यासाठीं व्यायामशाळेची वर्गणी भरण्याचें कारण नाहीं. आठवड्यांतून दोनदां वीस मिनिटें घरच्या सतरंजीवर पुरेशीं होतात.

आहाराचा प्रश्न गृहिणीच्या दृष्टीनें मोठा, पण हिंवाळ्यांत तो आपण होऊनच सुटतो. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, डिंकाचे व मेथीचे लाडू, हिरव्या भाज्या, ओला हरभरा, हें सर्व श्रम करणाऱ्या देहासाठींच जणूं या ऋतूंत येतें. पहांटे निघण्यापूर्वीं एखादें केळें किंवा दोन खजूर, परतल्यावर तासाभरांत दूध व पोटभर न्याहरी: थालीपीठ, पोहे, मोडाची उसळ. शाकाहारी घरांत उणीव राहते ती प्रथिनांची. अशा सरावांत शरीराच्या दर किलोमागें दिवसाला सुमारें १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनें लागतात. म्हणजे पासष्ट किलोच्या माणसास ८० ते १०० ग्रॅम. वाटीभर वरणांतून सहा-सात ग्रॅम आणि पेलाभर दुधांतून सात-आठ ग्रॅम मिळतात, हें पाहिलें म्हणजे 'आमच्याकडे वरणभात रोज असतो' या समाधानाला फारसा अर्थ नाहीं हें कळेल. डाळी, उसळी, दही, पनीर, शेंगदाणे यांची गांठ दोन्ही जेवणांत पडली पाहिजे. मार्गशीर्षांतील गुरुवारचे उपास करणाऱ्या स्त्रियांनीं त्या दिवशीं विश्रांति किंवा नुसतें चालणें ठेवावें. साबूदाण्याच्या खिचडीवर आठ किलोमीटर धांवण्याचा प्रयोग आमच्या घरीं झाला असून त्याचा निकाल सांगण्यासारखा नाहीं.

असो. येथवर आलें तें पुस्तकांत व शिक्षकांकडूनहि मिळेल. जें मिळत नाहीं तें सांगण्यासाठींच लेखणी हातीं घेतली. आम्ही पाहतों कीं, या विषयावर बोलणारे सर्वजण 'वेळ काढा' असें सांगतात. एकत्र कुटुंबांत वेळ काढतां येत नाहीं. तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो.

आमच्या घरचेंच उदाहरण देतों. चिरंजीव बँकेंत अधिकारी, वय ४३. आमचे धाकटे बंधु ४९ व्या वर्षीं एका जानेवारीच्या पहांटे बॅडमिंटन खेळतां खेळतां कोसळले आणि उठले नाहींत. तेव्हांपासून आमच्या घरांत व्यायाम हा शब्दच भीतीनें उच्चारला जातो. चिरंजीवांच्या रक्तांतील तीन महिन्यांच्या साखरेचा आंकडा ६.१ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, तेव्हां डॉक्टरांनींच त्यांस हलावयास सांगितलें. हृदयाची तपासणी करून, श्रम करीत असतांनाचा आलेख काढून, मगच त्यांनीं ट्रायथलॉनचें मनावर घेतलें. पहिल्या हिंवाळ्यांत ते पहांटे पांचला जात आणि पावणेआठला परत येत. त्या वेळांत सूनबाई दोन मुलांना उठवी, चार डबे भरी, बसपर्यंत धांवे, आणि नऊला स्वतःच्या संगणक-कंपनीच्या कामास लागे. चिरंजीवांची प्रकृति सुधारत चालली, कंबरेचा घेर दोन इंच उतरला, सर्वांनीं वाहवा केली. वाहवेंत ती सामील नसे.

एका रविवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर ती शांतपणें म्हणाली, "बाबा, मला यांच्या खेळाचा राग नाहीं. मी स्वतः कॉलेजांत असतांना विद्यापीठाकडून पोहले आहे. पण या घरांत पहांटेचा एकच तास आहे, आणि तो यांनीं घेतला आहे."

सौभाग्यवतींनीं प्रथम रीतसर हरकत घेतली. "बायकांनीं घरचें आटोपून मग काय हवें तें करावें. आणि थंडींत ओल्या केसांनीं हिंडलीस तर पंधरा दिवस अंथरुणांत पडशील, मग डबे कोण करील?"

"आई, घरचें आटोपेतों रात्रीचे दहा वाजतात. तेव्हां तलाव बंद असतो."

या उत्तरावर सौभाग्यवती बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनींच विचारलें, "संध्याकाळीं असतो का उघडा?"

त्या रात्रीं एका कागदावर जी वांटणी झाली ती अजून शीतकपाटाच्या दारावर लावलेली आहे. सोमवारीं कोणाचाच व्यायाम नाहीं. मंगळवार व शुक्रवार संध्याकाळीं सूनबाई कचेरीहून परस्पर तलावावर जाते. त्या दिवशीं चिरंजीवांनीं साडेसहाला घरीं असावयाचें, कुकर लावावयाचा आणि मुलांचें गणित घ्यावयाचें. बुधवारची पहांट तिच्या धांवण्याची, गुरुवारची व शनिवारची त्यांच्या. रविवारची लांब सायकल एक आठवडा त्यांची, एक आठवडा तिची. शाळेची बस आमच्याकडे आली. भाजी आदल्या रात्रीं निवडून ठेवावयाची, कणीक भिजवून ठेवावयाची. हिंवाळा असल्यामुळें मेथीच्या जुड्या फार, आणि त्या निवडण्याचें काम आम्हांस मिळालें. पाणिनीचीं सूत्रें पाठ करण्याइतकें तें कठीण नाहीं, परंतु माती अधिक असते. स्वयंपाकास एक बाई आठवड्यांतून चार दिवस येऊं लागल्या. तो खर्च सायकलीच्या नव्या चाकांच्या पैशांतून निघाला.

या वांटणीनें चिरंजीवांचे तास नऊंवरून साडेसहांवर आले. त्यांस भय वाटलें कीं, आतां प्रगति थांबणार. तसें घडलें नाहीं. पूर्वीं ते थकलेल्या देहानें रोज जात, आतां ताज्या देहानें एक दिवसाआड जातात. वर्षाअखेरीस साखरेचा आंकडा ५.६ वर उतरला. या मागें विश्रांति किती व भाकरी किती हें आम्हांस ठरवितां येत नाहीं, डॉक्टरांनींहि ठरविलें नाहीं.

भांडण एकदांच झालें. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत चिरंजीवांस छातींत कफ व अंगांत ज्वर होता, तरी रविवार त्यांचा असल्यामुळें ते निघाले होते. रविवार गेला तर तो पंधरा दिवसांनीं येणार, ही त्यांची तक्रार. खेळाडूंत एक नियम सांगतात, व तो सोयीचा आहे: दुखणें मानेच्या वर असेल, म्हणजे नुसतें नाक वाहत असेल, तर हळू चालणें-फिरणें चालेल, मानेच्या खालीं उतरलें, छातींत गेलें किंवा ताप आला, तर पूर्ण विश्रांति, कारण अशा वेळीं श्रम केल्यास क्वचित् हृदयाच्या स्नायूस सूज येते. थंडींत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो, आणि हृदयविकाराचे झटकेहि या ऋतूंत अधिक येतात. चाळिशीपुढील माणसानें म्हणूनच पहिलीं दहा-पंधरा मिनिटें घरांतच हातपाय हालवून अंग तापवावें, आणि छातींत दडपण, डाव्या हातांत किंवा जबड्यांत कळ, अकारण घाम यांपैकीं कांहीं वाटल्यास तेथल्या तेथें थांबून इस्पितळ गांठावें. हें सर्व चिरंजीवांस ठाऊक होतें. तरी ते जोडे घालीतच होते. आम्ही कांहीं बोललों नाहीं; दिवाणखान्यांतील धाकट्या बंधूंच्या तसबिरीखालीं जी खुर्ची आहे, तींत जाऊन बसलों. त्यांनीं जोडे काढले. तो रविवार सूनबाईनें आपल्या खातीं न घेतां रिकामाच ठेवला, आणि पुढचा त्यांस दिला. कागदावर अशी कांहीं तरतूद नव्हती.

यंदा शहराजवळच फेब्रुवारींत एक लहान शर्यत आहे: ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. दोघांनींहि नांव देण्याचें ठरविलें होतें. मध्यंतरीं आमच्या भाचीचें लग्न ठरलें आणि मुहूर्त आला त्याच रविवारीं सकाळीं दहा वाजून बारा मिनिटांनीं. दोघेंहि गैरहजर राहणें शक्य नाहीं. मुलीच्या मामेभावानें तरी उभें राहिलेंच पाहिजे. तेव्हां सूनबाईनें एकटीनें जावें असें चिरंजीवांनींच सुचविलें. शर्यत साडेसहाला सुटते. तिचा अंदाज पावणेदोन तासांचा आहे, पण कार्यालय गांवाच्या दुसऱ्या टोंकाला. अक्षतांना ती पोंचेल कीं नाहीं याचा हिशेब घरांत रोज होतो. भाचीकडे हा निरोप कोणीं व कसा द्यावा याची आम्हांस थोडी धास्ती होती. सौभाग्यवतींनीं परवां स्वतःच फोन उचलला, लग्नघरची सगळी विचारपूस केली, आणि अखेरीस म्हणाल्या, "आमची सून अक्षतांना नसली तर वाईट वाटून घेऊं नका. पंगतीला येईल ती. केस वाळवून यायचें मी तिला बजावलें आहे."